पार्श्वभूमी : संकलन केंद्रावरचे ग्रेडर आणि त्यांचा काळ

पांढरकवड्याच्या बाजूचे एक निवृत्त कापूस ग्रेडर, म्हणजे कापसाचा दर्जा ठरवणारे, नव्वदीला टेकून गेले. घरात, गावात आणि संकलन केंद्रावरही त्यांना आबाजीच म्हणत. तेरवीला नातलगांपेक्षा कास्तकार जास्त होते, आणि बोलायला उठलेला जो तो कापसाच्या एखाद्या बंडीबद्दल, म्हणजे बैलगाडीबद्दल, बोलत होता. नातसुनांना आणि शहरातून आलेल्या पोरांना त्यातले निम्मे समजले नाही. ग्रेडर हा काही मोठा हुद्दा नव्हता. बहुतेकांची नोकरी हंगामी, दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतची. तरी एवढा मान का, याचे उत्तर एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे कापूस फक्त राज्यानेच घेण्याच्या, तीस वर्षांत आहे.

त्याआधीचा वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे: अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० च्या दशकात आलेली तेजी, खामगाव आणि अमरावतीला गेलेले रेल्वेचे फाटे, कारंज्याला १८८६ मध्ये सुरू झालेला नियंत्रित बाजार, १८९७ चा वऱ्हाडातला बाजार कायदा. त्यातले एकच इथे सांगण्यासारखे. त्या बाजारात कापूस पारखणारा माणूस घेणाऱ्याचा असे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे आणि मालात खोट काय निघाली हे कास्तकाराला कोणी सांगत नसे. भाव पटला नाही तर बंडी वळवून दुसऱ्या अडतीवर नेण्याची सोय मात्र त्याला होती.

ही सोय १९७१ च्या कायद्याने गेली. १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातला कापूस राज्यानेच घ्यायचा असे ठरले. खासगी व्यापाऱ्याला विकणे गुन्हा, परवान्याशिवाय राज्याबाहेर नेणे गुन्हा. या निर्णयावर विदर्भात जेवढे वाद झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर झाले असतील. बाजूने बोलणारे म्हणत की हमीभाव पेरणीच्या वेळीच माहीत असतो, दूरच्या आदिवासी पाड्यातल्या माणसालाही तोच भाव मिळतो, आणि गाठी विकून वर नफा उरला तर बोनसही मिळतो. विरोध करणारे सीमेकडे बोट दाखवत. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला, नाहीतर वरुडच्या वर पांढुर्ण्याला भाव चढा असला की आपला माल घरात अडकवून का ठेवायचा? त्या वर्षी रात्रीतून बंड्या नदी उतरत आणि नाक्यांवर धरपकड होई. बाहेर भाव पडले की उलटे घडे आणि परराज्यातला कापूस इकडच्या सातबाऱ्यावर केंद्रात येऊन पडे. योजनेचा तोटा वाढण्यामागे हेही एक मोठे कारण होते, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. चुकारा हप्त्यांनी मिळायचा, त्यातून भांडवल निधीसाठी कपात व्हायची, केंद्राबाहेर बंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही. या तक्रारी खऱ्याच होत्या. पण ज्याच्या घरी पाच एकर कोरडवाहू होते आणि सावकाराचे देणे डोक्यावर होते, त्याला भावाची खात्री पहिल्यांदा याच योजनेने दिली, हेही तितकेच खरे आहे.

या वादात ग्रेडरचे नाव फारसे कोणी घेतले नाही. खरे तर एकच खरेदीदार ठेवायच्या निर्णयाचा सगळा भार त्याच्यावरच आला. हमीभाव जातवार आणि दर्जावार ठरलेला होता. कोणती बंडी कोणत्या दर्जात बसते हे एक माणूस काट्यावर जाण्याआधी पाच-दहा मिनिटांत ठरवायचा. त्याने दर्जा उतरवला तर जायला दुसरे दार नव्हते. चांगला ग्रेडर आणि वाईट ग्रेडर यांतला फरक कास्तकाराच्या वर्षाच्या हिशेबात दिसायचा तो यामुळे.

पारख हाताने आणि डोळ्याने व्हायची. बंडीवर चढायचे, वरचा कापूस बाजूला सारायचा, आणि मधून, तळातून, चारही कोपऱ्यांतून मूठ-मूठ काढायची. वर पांढराशुभ्र पहिला वेचा आणि खाली कवडी, म्हणजे किडकी, पिवळी, न फुललेली बोंडे दडवलेली असतात, म्हणून तळ पाहिल्याशिवाय दर्जा बोलायचा नाही. मग ओल. मूठ आवळून सोडली की वाळलेला कापूस लगेच फुलतो, ओला दबलेलाच राहतो. शंका असली तर सरकी दाताखाली धरायची. कट्कन फुटली तर माल वाळलेला, नुसती चेपली तर ओला. धाग्याची लांबी पाहायची तर एका सरकीवरचे तंतू दोन्ही बाजूंना विंचरून पसरायचे, किंवा रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) बट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, अर्धी टाकायची, उरलेली पुन्हा जुळवून ओढायची, आणि सरळ झालेले तंतू काळ्या कापडावर पट्टीने मोजायचे. ओढताना धागा किती जोर मागतो यावरून त्याची ताकद कळते. शेवटी पाला-कचरा: सुक्या पानांचा चुरा, बोंडाची टरफले, माती.

जात ओळखणे त्याहून अवघड. सुरतेचा एच-४ हा संकरित वाण १९७० मध्ये आल्यावर लांब धाग्याचा कापूस विदर्भात पसरला. पुढे एलआरए-५१६६, नांदेडचा एनएचएच-४४, अकोल्याचा एएचएच-४६८ आले आणि आखूड धाग्याचे देशी कापूसही शेतात होतेच. लांब धाग्याच्या गंजीत, म्हणजे केंद्रावरच्या ढिगात, आखूड धागा मिसळला तर सूतगिरणीत सूत तुटते आणि सगळ्या गाठींचा भाव जातो. म्हणून सरकीचा आकार, तिच्यावरची लव, रुईची झाक आणि हाताला लागणारा मऊपणा यांवरून जात सांगावी लागे. सातबाऱ्यावर काय लिहिले आहे याचा उपयोग थोडाच.

चुकीची किंमत गंजीत कळायची. १०० किलो कापसातून ३४ किलो रुई निघाली तर ५०० क्विंटलच्या गंजीतून १७० क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या १०० गाठी व्हायच्या. उतारा ३४ वरून ३३ वर आला तर गाठी ९७ भरायच्या. त्या तीन गाठी कुठे गेल्या याचा जाब आधी ग्रेडरला विचारला जाई. बहुतेक वेळा त्या चोरीला गेलेल्या नसत. ओला माल वाळलेल्याच्या दर्जात धरून घेतलेला असे आणि पाणी उडून गेलेले असे. ओल्या कापसाची गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते, सरकीला वास येतो, म्हणजे वजनाबरोबर दर्जाही जातो. कडक ग्रेडर निर्दयी वाटायचा त्यामागे हे गणित होते. सैल ग्रेडर त्या दिवशी लाडका व्हायचा आणि त्याचा तोटा शेवटी सगळ्यांच्या बोनसातून निघायचा.

आबाजींची ख्याती अशी की ते दर्जा खाली आणला तर कारण सांगत, आणि काढलेली मूठ कास्तकाराच्या हातात देत. कवडी वेगळी करून आणायला ते बंडी परत पाठवत, पण रांगेतला नंबर राखून ठेवत. भावकीतल्या कोणाची बंडी आली तर दुसऱ्या ग्रेडरला हाक मारत आणि स्वतः काट्यापासून दूर जात. भावकीत यावरून अबोला धरला गेला, तो काही घरी बरीच वर्षे टिकला. घरच्यांनी हे सगळे सोसले. हंगामात ते केंद्रावरच मुक्कामी असत, त्यामुळे घरची वेचणी, मजुरांचे चुकते करणे, वेचणीआधी शेतात होणारी सीतादहीची पूजा, सगळे त्यांच्या पत्नी बघत. पोरांची लग्ने उन्हाळ्यात, केंद्र बंद झाल्यावरच लागली. रुईच्या धुळीने लागलेला खोकला शेवटपर्यंत राहिला. तोंडाला पंचा बांधायचा, एवढेच संरक्षण तेव्हा होते.

२००२ मध्ये दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या. बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि राज्यात खासगी खरेदीला दार उघडले गेले. एकाधिकार तिथेच संपला. पुढच्या पाच-सात वर्षांत इतक्या नावांची बियाणी आली की सरकी पाहून जात सांगणे जवळजवळ निरर्थक झाले. हंगामी ग्रेडरांपैकी काही खासगी जिनिंगमध्ये (सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत) लागले, बाकीचे शेतीकडे वळले. आबाजी शेतीकडे आले, आणि दिवाळीनंतर त्यांच्या ओट्यावर पिशवीत मूठभर कापूस घेऊन माणसे येत राहिली. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर तर रोजच. कवडी किती धरायची, कोणता माल वेगळा भरायचा, हे विचारायला.

आता हमीभावाची खरेदी केंद्र सरकारचे कापूस महामंडळ करते आणि २०२५-२६ पासून त्यासाठी मोबाइल ॲपवर नोंदणी लागते. ओल दाताने नाही, यंत्राने मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला भावाच्या एक टक्का कपात, १२ च्या वर माल परत. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, म्हणजे ११ टक्के ओल निघाली तर क्विंटलमागे सुमारे २४३ रुपये जात. यंत्राची सुई कुठे खुपसली यावर आकडा बदलतो. वरच्या थरात कमी, मधल्या दाबलेल्या थरात जास्त. म्हणून आबाजी ओट्यावर सांगायचे ते आजही तसेच लागू आहे. दव सुकल्यावर, दहाच्या पुढे वेचायला लागा. खालची बोंडे आधी वेचा, म्हणजे वरचा पाला खालच्या फुटलेल्या बोंडांवर पडत नाही. पावसात भिजलेला वेचा आणि कवडी वेगळ्या कापडात बांधा. घरी आणल्यावर ढीग न मारता सावलीत पातळ पसरा आणि अर्ध्या दिवसाने उलथा. खताच्या प्लास्टिक पोत्यात भरू नका, कारण त्याचे धागे रुईत अडकतात, त्यांना रंग चढत नाही आणि विणलेल्या कापडावर ते डाग होऊन दिसतात. काट्यावर मोजणी सुरू झाली की गाडीतल्या किमान तीन ठिकाणी, वर, मध्ये आणि तळाला, सुई लावायला सांगा आणि आकडे स्वतः वाचा.