ओव्हरऑइलिंग झालेली फियाट 'मूळ रूपात' असते का? बडोद्याच्या एका वादाची पार्श्वभूमी

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांच्या पडव्यांत अजून काही फियाट उभ्या आहेत. रविवारी सकाळी एखादीचं बॉनेट उघडलं की अर्ध्या तासात चार डोकी आत वाकलेली दिसतात. निवृत्त बँकवाले काका, रिफायनरीतून बाहेर पडलेला फिटर, पॉलिटेक्निकचा पोरगा आणि पाणीगेटकडून स्कूटरवर आलेला एक उस्ताद. उस्ताद रविवारी पैसे घेत नाही, चहाला मात्र नाही म्हणत नाही. या मंडळींना नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. हल्ली त्यांच्यात इंजिनापेक्षा कागदांवर जास्त भांडणं होतात. त्याचं मूळ 2021च्या एका नियमात आहे: जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदायची तर ती मूळ रूपात हवी, मोठं ओव्हरहॉल, म्हणजे आमच्या भाषेत ओव्हरऑइलिंग, झालेली नको. पण सुरुवात जरा मागून करावी लागेल.

राजवाड्यातल्या गाड्यांवर पुष्कळ लिहून झालंय, त्या इथे नकोत. आपल्या कामाचं एवढंच की 1890 साली इथे कलाभवन निघालं आणि हाताला तेल लागणं हे कमीपणाचं नाही, ही समजूत मध्यमवर्गी मराठी घरांतही रुजली. पुढे प्रतापनगरला नॅरोगेजचं वर्कशॉप, साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी, मग मकरपुऱ्याचे कारखाने. आमच्या गल्लीत व्हर्निअर कॅलिपर तीन घरांत होता, पियानो एकाही नाही.

फियाट घरोघरी आली ती परमिट-लायसनच्या काळात. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मराठीत तिच्या प्रत्येक रूपाला वेगळं नाव होतं. मागे बिजागरी असलेल्या पुढच्या दारांची ती 'डुक्कर फियाट', मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, 1964पासून डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात थोडा काळ प्रेसिडेंट म्हणून झाल्यावर पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. दुसरी गाडी मिळणं शक्य नसल्यामुळे आहे तीच टिकवायची, हाच त्या काळाचा नियम होता. पिस्टन-रिंगा बदला, बोअर मारा, म्हणजे झिजलेला सिलेंडर आतून कातून घ्या, दोनदा बोअर मारून झाला की स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, टाका. माझ्या मामांनी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग कधी विकत आणलं नाही. बुचाची शीट कव्हरवर ठेवून ते कडेकडेने छोट्या हातोडीने हलके टोले मारत जायचे. कडेची धारच पॅकिंग कापायची. मग बोल्टच्या भोकांवर जुन्या बेअरिंगची गोळी ठेवून एकेक टोला. ही हातोटी गल्लीत दोघांनी त्यांच्याकडून उचलली. गाडीमंडळी जमायची सुरुवात झाली ती अशी, गरजेपोटी. छंद हा शब्द फार नंतरचा.

डिसेंबर 1983ला मारुती आली आणि फियाट हळूहळू लग्नाच्या वरातीपुरती उरली. 2000च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादनच थांबलं. त्याच वेळी प्रदूषणाचे निकष कडक झाले, कार्बोरेटर गेले, सेन्सर आले. ठिणगीच्या पॉइंटची फट फीलर गेजच्या पातळ पट्टीने बघणाऱ्या माणसाला स्कॅनरपुढे करण्यासारखं काही राहिलं नाही. हे प्रगतीचंच काम होतं, मान्य. पण त्यात एका पिढीचे हात रिकामे झाले, हे कुणी फारसं लिहीत नाही.

बडोद्याला याच काळात एक वेगळं वळण मिळालं. 1996पासून जवळच हालोलला एका परदेशी कंपनीच्या कारखान्यात ओपल अॅस्ट्रा आणि नंतर कोर्सा बनू लागल्या. शहरातली आयटीआय झालेली पोरं तिकडे लागली. 2006मध्ये ओपल हे नाव भारतातून गेलं, आणि कोर्सावाल्यांची अवस्था फियाटवाल्यांसारखीच झाली. गाडी धडधाकट, पार्ट मिळेना. त्याच कंपनीची शेवर्ले चालू राहिली, पण 2017च्या एप्रिलमध्ये हालोलचं उत्पादनही बंद पडलं. दोन वर्षांत दुसऱ्या कंपनीने त्याच जागी गाड्या काढल्या, त्याचं कौतुक झालं. मधल्या काळात घरी बसलेल्यांचं काय झालं, हे रविवारच्या बॉनेटभोवती बघायला मिळत होतं. असेम्ब्ली लाइनवर वर्षानुवर्षं एकच बोल्ट आवळलेला माणूस इथे येऊन पहिल्यांदा अख्खं इंजिन खोलायला शिकला. आपला हात कशासाठी आहे ते इथे आल्यावर कळलं, असं त्यातलाच एक जण म्हणाला होता.

आता मूळ वाद. ऑगस्ट 2021मध्ये गाड्या मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं. त्याच्या महिनाभर आधी, जुलैत, मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळी सोय झाली होती. या शब्दाचा गुंता आधीपासूनचा आहे. जगभरचे शौकीन साधारण पहिल्या महायुद्धानंतरपासून 1930पर्यंतच्या गाडीला व्हिंटेज म्हणतात. निर्यातीच्या नियमांत हाच शब्द 1950पूर्वीच्या गाड्यांना लागतो. नव्या नियमाने पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली कुठलीही खासगी दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरवली. नवी नोंदणी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पुढची नोंदणी 5,000. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे आमच्या बहुतेक डिलाइट एकदम व्हिंटेज झाल्या, आणि पहिल्या पद्मिनीही पुढे पन्नाशी गाठून त्यात आल्या. डुक्कर फियाटवाल्यांनी यावर नाक मुरडलं, तो वाद वेगळा.

खरी अडचण पुढच्या अटीत आहे. गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनातल्या बदलासह तिचं मोठं 'ओव्हरहॉल' झालेलं नको. आता हा शब्द मराठी माणसाने कधीच ओव्हरऑइलिंग करून टाकलाय. सायकलचं ओव्हरऑइलिंग, पंख्याचं ओव्हरऑइलिंग, फियाटचंही तेच, आणि ते केलंय हे अभिमानाने सांगायचं. नियमाच्या लेखी मात्र तोच अभिमान अपात्रतेचा पुरावा ठरू शकतो. दोनदा बोअर मारलेलं इंजिन म्हणजे बदल की देखभाल? गंजलेला फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड केला तर बॉडी मूळ राहिली का? बॅटरी चार्ज करणारा डायनामो काढून नव्या पद्धतीचा आल्टरनेटर बसवला तर? मंडळीत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, नियमाचा रोख डिझेल इंजिन घालणाऱ्यांवर आहे, आपल्यावर नाही. दुसरा म्हणतो, तपासणारा कोण येतो त्यावर सगळं.

मला दुसऱ्यांचं पटतं, आणि राग 'मूळ रूपात हवी' या ओळीवर येतो. हात न लावलेली पन्नास वर्षांची फियाट एकतर श्रीमंताच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली असते, नाहीतर ती चालतच नसते. चालणारी प्रत्येक गाडी कुणीतरी खोललेली आहे.

त्यात व्हीए गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. 2023च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला, तेव्हा हा फरक नीट दिसला. तिथल्या गाड्या ट्रेलरवरून उतरत होत्या. आमच्यातले दोघे बघायला आपल्या पद्मिनीने गेले आणि पार्किंगला जागा मिळाली नाही म्हणून लांब उभी करून चालत आले.

पन्नाशी न गाठलेल्यांचं आणखी वेगळं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची. 600 रुपयांचं ते काम एप्रिल 2022पासून 5,000चं झालं. ऑगस्ट 2025मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते 10,000वर गेलं. वर पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. जुन्या गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, आणि रबरी नळ्या त्यात फुगतात, भेगाळतात. पॉलिटेक्निकचा पोरगा आता नळ्या बदलायला लागलाय आणि बदललेल्या गाडीची वहीत तारीख लिहितो.

बँकवाल्या काकांची पद्मिनी 1975ची, म्हणजे पन्नाशी पार. आल्टरनेटर तिला ऐंशीच्या दशकात बसवलेला. मूळ डायनामो जिन्याखालच्या खोक्यात सापडला, आर्मेचर, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, जळालेलं. ते नव्या तारेने गुंडाळायला दिलंय. काकूंनी विचारलं, व्हीए लागल्यावर खंडेराव मार्केटला भाजी आणायला ही नेता येईल का? काका काही बोलले नाहीत. अर्ज अजून भरलेला नाही.