मल्चिंग पेपर विरणे आणि मल्चिंग पेपर कुजणे
कलिंगड निघाले की वाफ्यावर अंथरलेला मल्चिंग पेपर रोटाव्हेटरखाली घालायचा आणि ‘उन्हाने विरतो, उरलेला जिवाणू खातात’ असे म्हणून मोकळे व्हायचे, हा प्रकार खान्देशात मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्यातली गल्लत स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

कुजणे म्हणजे काय, हे रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला सांगायला नको. खोड मातीत पडते, जिवाणू आणि बुरशी त्यावर जगतात, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी व थोडा ह्यूमस उरतो.

विरण्याचे तसे नाही. मुळात ‘पेपर’ हे नावच फसवे आहे, आणि मला ते मुळीच आवडत नाही, कारण तो कागद नसून पॉलिथीनची पातळ फिल्म असते. खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात अतिनील किरणांमुळे तिच्या रेणूंच्या लांब साखळ्या मधेमधे तुटतात, ती ठिसूळ होते, चुरगळते आणि दिसेनाशी होते. परंतु तिचे जवळजवळ सगळे वजन बारीक कणांच्या रूपाने त्याच मातीत राहते. या कणांमधल्या साखळ्यासुद्धा जिवाणूंच्या पेशीत शिरू शकणार नाहीत इतक्या मोठ्या असतात. शिवाय त्या कार्बनला कार्बन जोडून बनलेल्या असल्यामुळे, पाण्याच्या साहाय्याने बंध तोडणाऱ्या जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइमना) तिथे धरायला जागाच सापडत नाही.

प्लास्टिक खाणाऱ्या जिवाणूचा दाखला इथे हमखास दिला जातो. तो जिवाणू, इडिओनेला सकायेन्सिस, खरा आहे. जपानमधील साकाई येथे तो सापडला आणि २०१६ साली त्यावरचे संशोधन प्रसिद्ध झाले. मात्र तो पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक, तोडतो, कारण पेटमध्ये एस्टर बंध, म्हणजे विकरांना पाण्याच्या साहाय्याने तोडता येणारे बंध, असतात. तेही प्रयोगशाळेत, ३० अंश तापमानाला, विशिष्ट प्रकारच्या पातळ पेट फिल्मवर, सुमारे सहा आठवड्यांत. पॉलिथीनमध्ये तो बंधच नाही. त्यामुळे काडीकचरा कुजवणारे कल्चर पॉलिथीनवर फवारणे म्हणजे पैसे आणि श्रम दोन्ही वाया घालवणे होय.

ऑक्सो-विघटनशील म्हणून विकली जाणारी फिल्मही या विरण्याच्याच बाजूची आहे. तिच्यातील रसायन केवळ चुरा लवकर करते, आणि युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा वस्तू बाजारात आणण्यास बंदी घातली आहे. खरोखर कुजणाऱ्या फिल्म वेगळ्या असतात, उदाहरणार्थ पीबॅट या पॉलिस्टरपासून बनवलेल्या. त्यांच्यासाठीच्या ईएन १७०३३ या युरोपीय मानकात मातीतल्या चाचणीत दोन वर्षांच्या आत किमान ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. म्हणून विक्रेत्याला ‘किती दिवसांत दिसेनाशी होते?’ असे न विचारता या मानकाचे प्रमाणपत्र मागावे.

ते नसेल, तर मी जाड, ३० मायक्रॉनचीच फिल्म घ्यायला सांगेन, कारण ती पीक निघताच, ठिसूळ होण्याआधी, अखंड गुंडाळून शेताबाहेर काढता येते.