'वाँट'च्या मागे उरलेला 'टू'

बेळगावात दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना एक चूक दरवर्षी वहीत दिसायचीच. प्रश्न, 'डू यू वाँट टू कम?' उत्तर, 'येस, आय वाँट.' खरं तर 'येस, आय वाँट टू' हवं; 'टू' गायब. मी लाल रेघ मारून मोकळा व्हायचो.

या 'टू'ची गोष्ट हजार वर्षं जुनी आहे. जुन्या इंग्रजीत आपल्या 'लिहिणे'तल्या 'णे'सारखा 'आन' हा प्रत्यय क्रियापदालाच चिकटलेला असे. 'टू' तेव्हा 'कडे' या अर्थाचं साधं अव्यय होतं. 'लिहायला' असा हेतू सांगायचा तेव्हा ते क्रियापदाआधी यायचं. पुढे 1100 ते 1500 या काळात 'आन' बोलता बोलता झिजला, 'एन' झाला, मग नुसता 'ए', शेवटी काहीच नाही. पाहुणा 'टू' घरमालक झाला. मात्र त्यातला हेतूचा अर्थ पातळ झाला, म्हणून लोक 'फॉर टू' म्हणू लागले. 1611च्या इंग्रजी बायबलात तो सापडतो. आज तेच काम 'इन ऑर्डर टू' करतो, आणि बहुतेक वेळा पहिले दोन शब्द खुशाल छाटता येतात.

'कॅन', 'मस्ट' यांच्यामागे मात्र 'टू' कधी रुजलाच नाही. 'मेक'चा तर वेगळाच तोरा: 'मेड हिम वेट', पण कर्मणीत 'वॉज मेड टू वेट'. परीक्षेत मार्क इथेच जातात.

क्रियापद गाळून 'टू' एकटा ठेवण्याची लकब तुरळक जुनी आहे, पण सर्रास झाली एकोणिसाव्या शतकात. ते जमतं, कारण 'टू' सुटा शब्द आहे. मराठीत 'येतोस काय?' याला 'यायचंय, पण वेळ नाही' म्हणावं लागतं. नुसतं 'यचंय' कोण म्हणणार? कन्नडातही 'होगबेकु'मधलं (म्हणजे 'जायचंय') 'होग' सोडता येत नाही. मराठी शाळा, 1956 पासून कर्नाटकाचा कारभार, त्यामुळे कन्नडही कानावर. आमच्या पोराला दोन्हीकडून सवय एकच. म्हणून तो इंग्रजीत क्रियापदाबरोबर 'टू'ही गाळतो.

झीज काही इंग्रजीचीच मक्तेदारी नाही. 'काय करायला लागलास?' याचं आमच्या गल्लीत कधीच 'काय करालास?' झालंय. 'लाग' कुठं गेलं, कुणी शोधत नाही. त्यावर रेघ मारायला ते वहीत उतरतंच कुठं!