फ्रेझर चित्रसंग्रह

दिल्ली-हरियाणा परिसरातील गावकरी, घोडेस्वार, नर्तकी, डोंगरी सैनिक अशा सामान्य माणसांच्या जलरंगातील चित्रांचा संग्रह. ईस्ट इंडिया कंपनीचा दिल्लीतील अधिकारी विल्यम फ्रेझर (१७८४–१८३५) आणि त्याचा थोरला भाऊ, चित्रकार जेम्स बेली फ्रेझर (१७८३–१८५६) यांनी तो स्थानिक चित्रकारांकडून करवून घेतला. चित्रे ९० हून अधिक असून बहुतेकांचा काळ साधारणतः १८१५ ते १८१९ असा मानतात.

हा मुलूख १८०३ पर्यंत शिंद्यांच्या वर्चस्वाखाली होता. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर तो कंपनीकडे गेला. पूर्वी शिंद्यांच्या कवायती फौजेत असलेल्या जेम्स स्किनरने कंपनीसाठी रिसाला (घोडदळाची पलटण) उभारला व त्यात आसपासच्या खेड्यांतील तरुण दाखल होऊ लागले. विल्यम हा स्किनरचा स्नेही. संग्रहात रंगरुटांची (नव्याने भरती झालेल्या शिपायांची) चित्रे इतकी का, याचे उत्तर बव्हंशी या भरतीत आहे. हिमालयातील निसर्गदृश्यांमध्ये घालण्यासाठी जेम्सला माणसांचे अचूक नमुने हवे होते, हे दुसरे कारण सांगितले जाते. मात्र, संग्रहातील चेहरे पाहता केवळ नमुन्यांसाठी एवढा खटाटोप झाला असेल, हे पटणे कठीण आहे.

ही चित्रे कोणी काढली, हा प्रश्न वादग्रस्त आहे. चित्रांवर चित्रकाराची सही नाही. संग्रह उजेडात आल्यावर तो प्रथम दिल्लीचा चित्रकार गुलाम अली खान याच्या नावे लावण्यात आला. मिल्ड्रेड आर्चर व टोबी फॉक यांनी १९८९ मधील अभ्यासात त्याच्या कुटुंबाचा व वर्तुळाचा विचार मांडला. पाटण्याकडील लालजी आणि त्याचा मुलगा हुलास लाल यांचीही नावे पुढे आली असून, काही चित्रांबाबत अलीकडच्या प्रदर्शनसूचींत तीच ‘संभाव्य’ म्हणून दिलेली आढळतात. लालजी हा भारतात काम केलेल्या योहान झोफानी या जर्मन चित्रकाराचा शिष्य असल्याचे सांगतात. गुलाम अली खानची स्वाक्षरी असलेली कामे, विशेषतः लाल किल्ल्यातील वास्तूंची दृश्ये व स्किनरसाठी केलेली १८२७–२८ मधील चित्रे, रचनेने अधिक औपचारिक आहेत. फ्रेझर चित्रांतला मोकळा, निरखून घेतलेला चेहरा त्यांत क्वचितच भेटतो. त्यामुळे संग्रहात एकाहून अधिक हात आहेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘गुलाम अली खानचे घराणे’ हे लेबल काहीसे सोयीचे आहे.

तत्कालीन कंपनी शैलीत, म्हणजे भारतीय व युरोपीय चित्रपद्धतींच्या मिश्र शैलीत, धोबी, भिश्ती, सुतार असे जाती-व्यवसायांचे संच युरोपीय गिऱ्हाइकांसाठी तयार होत. त्यांत माणूस हा त्याच्या धंद्यापुरता. फ्रेझर चित्रांत मात्र अनेकांची नावे, क्वचित गावही, जेम्सच्या हस्ताक्षरात नोंदलेले आहे. पार्श्वभूमी बहुधा कोरी. पायांशी लहानशी सावली. खादीच्या जाड चुण्या, दाढीचे केस व त्वचेचा पोत बारीक कुंचल्याने उतरवलेला. काला नावाचा तरुण एका चित्रात ढाल-तलवारीसह, तर दुसऱ्यात रिसाल्याच्या गणवेशात भाला घेऊन उभा आहे. पाच रंगरुटांच्या समूहचित्रात दिसणारा उमीचंद १८१९ मध्ये मारेकऱ्याच्या हल्ल्यातून विल्यमचा जीव वाचवणारा म्हणून ओळखला जातो. त्या प्रसंगामुळे त्याचे नाव संग्रहाच्या अभ्यासात वारंवार येते. सध्याच्या सिरसा जिल्ह्यातील रानिया गावची मंडळीही संग्रहात आहेत. विल्यमची सहचरी अमीबन त्याच गावची मानली जाते.

ही चित्रे म्हणजे सामान्यांचा निखळ गौरव, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. रंगरुटाची अंगकाठी न्याहाळणारी भरती-अधिकाऱ्याची नजर त्यांत आहेच. चित्रासाठी बसणाऱ्याच्या संमतीचा किंवा मोबदल्याचा मुद्दा अभ्यासकांनी फारसा हाताळलेला नाही.

विल्यमचा १८३५ मध्ये दिल्लीत खून झाला. त्या प्रकरणी फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन याला फाशी देण्यात आली. चित्रे स्कॉटलंडमधील फ्रेझर घराण्याच्या कागदपत्रांत राहिली आणि १९७९ मध्ये उजेडात आली. १९८० मध्ये लंडन व न्यूयॉर्क येथील लिलावांत त्यांची पाने विखुरली. कोपनहेगनच्या डेव्हिड कलेक्शनसह विविध संग्रहालये व खाजगी संग्राहकांकडे ती आहेत.