क्वेरी कुठे अडते? ट्रेसच्या चित्रांमागची पार्श्वभूमी

मराठवाड्यात गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या संगणक विभागात पंधरवड्याचं बिल हा सर्वांत नाजूक विषय असतो. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, थकले तर वर्षाला १५ टक्के व्याज. काटा पावत्या, शेतकी विभागाची ऊस नोंद आणि सोसायटीची कपात जोडून प्रत्येक शेतकऱ्याची रक्कम काढणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, एखाद्या दिवशी अचानक अडते. काल दोन मिनिटांत निघालेला रिपोर्ट आज अर्धा तास फिरत राहतो. मग ठरलेलं उत्तर येतं : सर्व्हर जुना झालाय, रॅम वाढवा. बऱ्याचदा पैसे खर्च होतात आणि रिपोर्ट तसाच फिरत राहतो, कारण वेळ नेमका कुठे गेला हे कुणी पाहिलेलंच नसतं. तो पाहता यावा म्हणून क्वेरीच्या पावलांची नोंद, म्हणजे ट्रेस, ठेवण्याचं आणि तिची चित्रं काढण्याचं जगभरात पन्नास वर्षं जे काम झालं, त्याची ही हकीकत.

‘क्वेरी का अडली’ हा प्रश्न आजच्या रूपात १९७० नंतरचा. त्याआधीच्या आयएमएससारख्या डेटाबेसमध्ये कोणत्या नोंदीवरून कोणत्या नोंदीकडे जायचं हे प्रोग्रामर स्वतः लिहायचा. काम संथ झालं तर वाट त्यानंच आखलेली असायची आणि कोड उघडला की ती समोर दिसायची. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या संशोधन केंद्रातल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. काय हवं ते माणसानं सांगावं, ते कसं आणायचं ते यंत्रणेनं ठरवावं. डेटाबेसच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी सोय. पण तिच्यासोबत वाट नजरेआड गेली.

ती वाट ठरवण्याची पद्धत आयबीएमच्याच सिस्टिम आर प्रकल्पात आकाराला आली. १९७९ साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी एका निबंधात मांडलेला ऑप्टिमायझर, म्हणजे वाट निवडणारा भाग, अनेक वाटांचा खर्च अंदाजानं काढायचा : डिस्कवरून किती पानं वाचावी लागतील, किती ओळी हाताळाव्या लागतील. त्यातली स्वस्त वाट निवडायची. आकडेवारी हाताशी नसेल तर ठोकताळे होते. ‘अमुक कॉलम बरोबर तमुक किंमत’ अशी अट असली की दहातली एक ओळ जुळेल, ‘पेक्षा जास्त’ असली की तिघांतली एक. दोन अटी एकत्र आल्या तर दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार. त्या दोन अटींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे त्यात गृहीत धरलेलं होतं, आणि निबंधात तसं स्पष्ट लिहिलेलंही होतं. आजच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या डेटाबेसच्या पोटात या निबंधाचा वारसा आहे.

आपल्याकडे महसूल विभाग आधी पिकाची नजरअंदाज पैसेवारी जाहीर करतो, मग सुधारित आणि पीक कापणी प्रयोगांनंतर अंतिम. गाव ५० पैशांच्या खाली की वर यावर पुढचं बरंच काही ठरतं, म्हणून या आकड्यांतल्या तफावतीवर गावोगाव वाद होतात. ऑप्टिमायझर मात्र नजरअंदाजावरच सगळं ठरवून मोकळा होतो. अंतिम आकडा कळेपर्यंत क्वेरी चालून गेलेली असते. त्यामुळे पुढच्या काळातली जी जी साधनं मला मोलाची वाटतात, ती अंदाज आणि प्रत्यक्ष हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवणारी आहेत.

सुरुवातीचं एक्स्प्लेन, म्हणजे निवडलेली वाट दाखवणारी आज्ञा, तसं नव्हतं. ते फक्त अंदाज सांगायचं : ही वाट निवडली, इतका खर्च धरला, इतक्या ओळी येतील असं वाटतं. अंदाज चुकण्याची जागा मात्र अगदी रोजच्या डेटात दडलेली असते. समजा, ४ लाख काटा पावत्या आहेत. एका तालुक्याच्या पावत्या एकूण पावत्यांच्या एक अष्टमांश आणि त्याच तालुक्यातल्या एका गावाच्या एक शतांश. क्वेरीत तालुका आणि गाव दोन्ही अटी घातल्या की गुणाकार होऊन अंदाज येतो ५०० ओळींचा. प्रत्यक्षात गाव त्याच तालुक्यात असल्यामुळे तालुक्याच्या अटीनं काहीच गाळलं जात नाही, आणि येतात ४,००० ओळी. एका टेबलापुरता हा फरक चालून जातो. पण पुढे नोंदीचं टेबल, कपातीचं टेबल, बँक खात्यांचं टेबल जोडलं जातं. १९९१ साली इओआनिडिस आणि ख्रिस्टोडुलाकिस यांनी दाखवून दिलं की जोडण्या वाढतात तशी ही चूक घातांकी वेगानं वाढू शकते. गाव आणि तालुका यांचा संबंध पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसला सांगण्याची सोय २०१७च्या १०व्या आवृत्तीत आली. तोवर पोस्टग्रेसमध्ये १९७९चं ते गृहीतकच चालत राहिलं.

एक्स्प्लेन हा एक प्रवाह. दुसरा प्रवाह ओरॅकल या डेटाबेसच्या जगात वाढला. तिथे डेटाबेस स्वतःच्या प्रत्येक पावलाची नोंद ट्रेस फाइलमध्ये लिहायचा आणि टीकेप्रूफ नावाचं साधन त्या फाइलचा गोषवारा काढायचं. ओरॅकल ७ पासून क्वेरी कशासाठी थांबून राहिली याचीही नोंद मिळू लागली : डिस्कसाठी, लॉकसाठी, नेटवर्कसाठी. तरी बरीच वर्षं डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी मंडळी, कॅश हिट रेशोकडेच बघत राहिली, म्हणजे किती टक्के वाचन डिस्कऐवजी मेमरीतून भागलं याकडे. तो ९९ टक्के दिसला की सगळं आलबेल. वापरणाऱ्याची तक्रार मात्र कायम, कारण मेमरीतली तीच पानं लाखो वेळा वाचणाऱ्या वाईट क्वेरीचाही हिट रेशो उत्तमच असतो. २००३ साली कॅरी मिलसॅप आणि जेफ होल्ट यांनी यावर सविस्तर मांडणी केली. ज्या माणसाचं काम अडलंय त्याच्याच कामाचा ट्रेस घ्या आणि प्रत्येक सेकंद कुठे गेला याचा हिशेब लावा, हा त्यांचा आग्रह. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा विचार हाच. चित्रं त्यानंतर कामाची ठरली.

हे दोन्ही प्रवाह एकत्र आले ते पोस्टग्रेसच्या ७.२ आवृत्तीत, २००२ साली. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं आणि प्रत्येक पायरीवर अंदाजी ओळी, प्रत्यक्ष ओळी आणि लागलेला वेळ छापतं. मायएसक्यूएलमध्ये याच नावाची सोय यायला २०१९ उजाडलं.

तरीही मजकूर वाचणं अवघडच होतं. बिलाच्या क्वेरीचंच उदाहरण घेऊ. नवीन पंधरवड्याच्या पावत्या नुकत्याच भरल्या गेल्या, आकडेवारी मात्र आधीच्या आठवड्यातली. त्यामुळे ऑप्टिमायझरला वाटतं, या तारखांची एकच ओळ येईल. एका ओळीसाठी नेस्टेड लूप (पहिल्या टेबलाच्या प्रत्येक ओळीमागे दुसरं टेबल शोधणं) स्वस्त, म्हणून तो तेच निवडतो. येतात ३८,००० ओळी, आणि प्रत्येक ओळीसाठी कपातीचं अख्खं टेबल वरपासून खालपर्यंत वाचलं जातं. आता मजकुरात काय दिसतं? कपातीच्या टेबलापुढे वेळ लिहिलेला असतो ०.९ मिलिसेकंद. एवढुसा आकडा बघून नजर पुढे सरकते. त्याच ओळीच्या शेवटी ‘लूप्स ३८०००’ असं लिहिलेलं असतं, आणि पोस्टग्रेस वेळ एका फेरीचा सरासरी देतो. गुणाकार केला की ३४ सेकंद. शिवाय वरच्या पायरीच्या वेळेत खालच्या सगळ्या पायऱ्यांचा वेळ धरलेला असतो, तो वजा केल्याशिवाय त्या पायरीचा स्वतःचा वेळ कळत नाही. चाळीस-पन्नास ओळींच्या प्लॅनमध्ये, म्हणजे निवडलेल्या वाटेच्या तपशिलात, रात्री अकरा वाजता ही वजाबाकी-गुणाकार तोंडी करायची म्हणजे चुकण्याची हमखास सोय.

चित्रांची गरज इथून निर्माण झाली. मायक्रोसॉफ्टच्या १९९८च्या एसक्यूएल सर्व्हर ७.० या डेटाबेसमध्ये प्लॅन आयकॉन आणि बाणांच्या रूपात दिसू लागला होता. जितक्या ओळी जास्त तितका बाण जाड. पोस्टग्रेसच्या बाजूला पोलंडच्या ह्युबर्ट लुबाचेव्स्की यांनी डेपेझ नावानं ओळखलं जाणारं साधन केलं. ते वर सांगितलेला गुणाकार आणि वजाबाकी स्वतः करतं, आणि जिथे वेळ किंवा अंदाजातली तफावत मोठी आहे तो रकाना लाल करतं. बघायला साधा तक्ता, पण त्यानं अनेकांच्या रात्री वाचवल्या. २०१०च्या ९.० आवृत्तीत प्लॅन जेसॉन स्वरूपात मिळू लागला. प्रोग्रामला तो सहज वाचता आल्यामुळे चित्र काढणाऱ्यांची मोठी अडचण संपली. २०१६ मध्ये अ‍ॅलेक्स तातियांत्स यांचं पेव्ह हे साधन आलं. त्यात प्लॅन झाडासारखा उलगडतो आणि सर्वांत महाग, सर्वांत संथ, अंदाज सर्वांत जास्त चुकलेली पायरी यांवर खुणा असतात. त्याची पेव्ह२ ही पुढची आवृत्ती दालिबो ही फ्रेंच कंपनी सांभाळते.

याच इतिहासात भारताचंही एक पान आहे आणि ते आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही याची खंत वाटते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा यांच्या गटानं २००५ मध्ये प्लॅन डायग्राम मांडले. एकाच क्वेरीतल्या अटी थोड्या थोड्या बदलत न्यायच्या आणि प्रत्येक ठिकाणी ऑप्टिमायझर कोणता प्लॅन निवडतो त्याप्रमाणे रंग भरायचा. सरळ रेघांनी विभागलेले दोन-चार मोठे पट्टे दिसतील अशी अपेक्षा असते. दिसले ते वेड्यावाकड्या सीमांचे, बारीक तुकड्यांचे रंगीत नकाशे, पिकासोच्या घनवादी चित्रांसारखे. म्हणून साधनाचं नाव पिकासो. कालचा रिपोर्ट आज का अडला याचं एक उत्तर त्या नकाशात आहे : पंधरवड्याच्या ओळी थोड्याशा वाढल्या आणि क्वेरी सीमा ओलांडून शेजारच्या रंगात गेली.

२०११ मध्ये ब्रेंडन ग्रेग यांच्यापुढे मायएसक्यूएलचा एक प्रश्न आला. प्रोसेसर कशात गुंतलाय हे कळण्यासाठी त्यांनी घेतलेले नमुने मजकुरात पाच लाखांहून जास्त ओळींचे झाले. त्यांनी ते सगळे एका चित्रात रचले आणि फ्लेम ग्राफ जन्माला आला. त्यात रुंद पट्टी म्हणजे तिथे जास्त नमुने सापडले. नवखी मंडळी इथे हमखास फसतात : आडवा अक्ष वेळेचा क्रम दाखवत नाही, पट्ट्या बहुधा नावाच्या अक्षरक्रमानं लावलेल्या असतात. पुढे क्वेरी प्लॅनही याच रूपात काढले जाऊ लागले.

वेळेचा क्रम पाहायचा असेल तर वॉटरफॉल, म्हणजे एकामागून एक टप्पे वेळेच्या अक्षावर मांडणारं चित्र, हवा, आणि तो प्रसिद्धीला आला गूगलच्या २०१०च्या डॅपर निबंधामुळे. इथे एका विनंतीचा सगळा प्रवास म्हणजे ट्रेस, त्यातला प्रत्येक टप्पा म्हणजे स्पॅन. भार पडू नये म्हणून सुरुवातीला १,०२४ विनंत्यांमागे एकीचीच नोंद ठेवली जायची. त्याच वाटेनं ट्विटरनं २०१२ मध्ये झिपकिन हे ट्रेस दाखवणारं साधन खुलं केलं, नंतर उबरचं येगर आलं, आणि २०१९ मध्ये दोन प्रकल्प एकत्र होऊन ओपनटेलिमेट्री झालं. प्लॅनमध्ये कधीच न दिसणारा एक दोष वॉटरफॉल लगेच उघडा पाडतो. सॉफ्टवेअर आधी शेतकऱ्यांची यादी आणतं आणि मग प्रत्येकाच्या कपातीसाठी वेगळी क्वेरी पाठवतं. प्रत्येक क्वेरी २ मिलिसेकंदांची, प्लॅनही निर्दोष. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग मुळात १० सेकंदांपुढच्याच क्वेरी लिहितो, त्यामुळे तिथे नोंद शून्य. ५,००० शेतकरी असले की १० सेकंद असेच जातात. वॉटरफॉलमध्ये त्या ५,००० बारीक रेघांचा लांबच लांब जिना दिसतो.

आजही एक सांधा सैल आहे. अ‍ॅप्लिकेशनचा ट्रेस बहुतेक ठिकाणी डेटाबेसच्या दाराशी थांबतो. तिथे ‘क्वेरी, १२ सेकंद’ अशी एकच पट्टी दिसते, आत काय झालं ते प्लॅनमध्ये वेगळं पाहावं लागतं. क्वेरीच्या कॉमेंटमध्ये ट्रेसचा क्रमांक घालून दोन्ही जोडता येतात, पोस्टग्रेसचं ऑटो एक्स्प्लेन ठरावीक वेळेपुढच्या क्वेरीचा प्लॅन लॉगमध्ये लिहून ठेवतं. पण ही जोडणी अजून बरीचशी हातानं करावी लागते.

आणि प्लॅनमध्ये अटींतल्या किंमती जशाच्या तशा येतात : शेतकऱ्याचं नाव, खाते क्रमांक, मोबाइल. असा प्लॅन सार्वजनिक संकेतस्थळावर चिकटवण्याआधी त्या काढून टाकायलाच हव्यात. डेपेझमध्ये नावं झाकण्याचा पर्याय आहे. पेव्ह२ एकाच एचटीएमएल फाइलच्या रूपातही मिळतं. ती फाइल पेन ड्राइव्हवर घालून इंटरनेट नसलेल्या गट ऑफिसच्या संगणकावर उघडली तरी चित्र निघतं आणि शेतकऱ्यांचा डेटा कारखान्याबाहेर जात नाही.