रग्बी युनियन की रग्बी लीग? माणूस पडल्यावर बघा

वेल्सचा रग्बीपटू जोनाथन डेव्हिस याने १९८९ मध्ये ‘क्लब बदलला’ असं कृपा करून लिहू नका. रग्बी युनियनचा वेल्श क्लब लानेली सोडून रग्बी लीगच्या इंग्लिश क्लबला, विडनेसला, जाताना त्याने खेळच बदलला. (२०१७ च्या लायन्स, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित युनियन संघाच्या, दौऱ्यातला जोनाथन डेव्हिस वेगळा. तो लीगकडे कधीच गेला नाही.)

युनियन बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून बाकीचे फरक भराभर सांगतो. युनियनमध्ये १५ खेळाडू, लीगमध्ये १३. ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं) आज युनियनमध्ये ५ गुणांचा, लीगमध्ये ४. फुलबॅकची (सगळ्यात मागच्या खेळाडूची) जर्सी युनियनमध्ये १५ नंबरची, लीगमध्ये १. हे पाठ झालं तरी सामना कळत नाही, कारण खरी गोची चेंडू घेऊन धावणाऱ्याची पकड झाल्यानंतर सुरू होते.

युनियनमध्ये पकडलेला माणूस जमिनीवर पडला की त्याला चेंडू सोडावाच लागतो, आणि पकडणाऱ्यालाही त्याला सोडून बाजूला व्हावं लागतं. मग दोन्ही संघ आपापल्या बाजूने, पायांवर उभे राहून, त्या चेंडूवर झुंजतात. हा रक. साथीदार पोहोचायला एक क्षण उशीर झाला की चेंडू गेलाच. पण चेंडू राखता आला तर किती वेळा पडावं याला मर्यादा नाही.

लीगमध्ये ही झुंजच नाही. पडलेला माणूस उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे सारतो. समोर जास्तीत जास्त दोन बचावपटू उभे राहतात, बाकीच्यांनी १० मीटर मागे हटायचं. डेव्हिस आला तेव्हा हे अंतर ५ मीटरच होतं. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांना द्यायचा, म्हणून पाचवीनंतर बहुधा किक मारतात. लोक त्या किकला घाबरटपणा म्हणतात, तेव्हा फार वाईट वाटतं. तो पूर्ण हिशेबाचा निर्णय असतो.

डेव्हिसची अडचण इथेच होती. युनियनच्या दहा नंबरपुढे (चाली ठरवणारा, डेव्हिसची तिथली जागा) समोरचे बरेचसे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू, रकमध्ये अडकलेले असतात. लीगमध्ये मात्र समोर जवळजवळ अख्खी भिंत उभी, आणि स्वतःलाही सामनाभर पकडी करायच्या. तरी तो १९९४ ला ‘मॅन ऑफ स्टील’, म्हणजे लीगच्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला. त्याच वर्षी वेम्बलीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ग्रेट ब्रिटनचे १२ च खेळाडू उरले असताना फुलबॅक डेव्हिस मधल्या फटीतून सुटला आणि ऑस्ट्रेलियाच्या ब्रेट मलिन्सला बाहेरून मागे टाकत कोपऱ्यात ट्रायसाठी झेपावला. ग्रेट ब्रिटन ८-४ ने जिंकलं. माझ्या मते त्याची सर्वोत्तम धाव हीच.

तेव्हा युनियन हौशी होतं, लीगमध्ये पैसे मिळत. लीग खेळणाऱ्याला युनियनचं दार बंद व्हायचं. ऑगस्ट १९९५ मध्ये युनियन व्यावसायिक झालं, म्हणूनच त्या वर्षी डेव्हिसला कार्डिफ या वेल्श क्लबकडून युनियनमध्ये परतता आलं.

त्याची जुनी चित्रफीत पाहताना खेळाडू मोजत बसू नका. पडलेला माणूस उठून पायाने चेंडू मागे सारतोय का, एवढंच बघा. सारत असेल तर ती त्याच्या लीगच्या काळातली.