फरशीला शस्त्रक्रियेचे नियम कशाला?

जखमा सडू नयेत म्हणून कार्बोलिक अ‍ॅसिड वापरायला शिकवणारे ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर पुढे फारच पुढे गेले. 1870 च्या दशकात शस्त्रक्रिया चालू असताना ते खोलीतल्या हवेतच कार्बोलिकचा फवारा मारू लागले. हवेतले जंतू मरावेत, हा हेतू. प्रत्यक्षात डॉक्टरांचे हात सोलून निघत. 1890 मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी स्वतःच या फवाऱ्याला रजा दिली आणि तो सुचवल्याची लाज वाटते, असंही बोलून दाखवलं. जखमेला खरा धोका हवेपेक्षा हात आणि हत्यारं यांतून होता.

तरीही 2020 मध्ये अनेक देशांत रस्त्यांवर जंतुनाशकाचे टँकर फिरलेच. अशा फवारणीचा उपयोग नाही, कारण धूळमातीत रसायन निकामी होतं, हे जागतिक आरोग्य संघटनेला त्याच वर्षी मे महिन्यात सांगावं लागलं. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लावल्याने कोविड होण्याची शक्यता साधारणपणे 10,000 मध्ये 1 पेक्षाही कमी, असा अंदाज अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2021 मध्ये दिला. तोवर बाजारातून आणलेली पाकिटंसुद्धा पुसून झाली होती!

मग कुठे किती स्वच्छता हवी? अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात याचं फार शहाणं उत्तर दिलं. वस्तू किती मळलेली दिसते ते सोडा, ती शरीराच्या कोणत्या भागाला लागणार आहे ते बघा. रक्तात किंवा ऊतींमध्ये जाणाऱ्या हत्यारावर एकही जिवंत जंतू चालत नाही, म्हणून ते ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत, 121 अंश सेल्सियसला ठेवतात. एंडोस्कोपसारखं, म्हणजे शरीरात आत डोकावायच्या नळीसारखं, उपकरण फक्त आतल्या ओल्या अस्तराला लागतं, त्याला तीव्र जंतुनाशन पुरतं. आणि जी वस्तू निव्वळ धडधाकट त्वचेला लागते, तिला साधी सफाई किंवा सौम्य जंतुनाशक बास.

हाच हिशेब घराला लावला की बरीच धावपळ वाचते. फरशीला आपले तळवे लागतात, तोंड नाही (रांगणारं मूल असेल तर गोष्ट थोडी वेगळी). रोज साबणाचं पाणी पुरे. कच्चं मांस कापलेला बोर्ड मात्र दिसायला कितीही स्वच्छ असो, त्यावर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरली तर जंतू थेट पोटात. ओल्या फडक्याचंही तसंच. अनुकूल स्थितीत ई. कोलाय जिवाणू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो. दिवसभर ओलं राहिलेलं फडकं ओट्यावर फिरवणं म्हणजे जंतूंची वाटणी. माझ्या मते घरातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू हीच.

घरात कुणाला उलट्या-जुलाब होत असतील तर मात्र पायरी चढायलाच हवी. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कणही आजारी पाडतात, आणि त्याला स्निग्ध आवरण नसल्याने अल्कोहोल त्याच्यावर फारसं चालत नाही. कोरोनाव्हायरसला तसं आवरण असतं. म्हणून तो साबणानेही विरघळतो. दोघांना एकच बाटली लागू पडेल, हा समज जाहिरातींनी पसरवलेला. नोरोव्हायरससाठी क्लोरीनचं ब्लीच हवं. 5 टक्क्यांच्या ब्लीचचा 1 भाग आणि पाणी 49 भाग घेतलं की 0.1 टक्क्याचं द्रावण होतं, आणि ते निदान 5 मिनिटं पृष्ठभागावर ओलं राहायला हवं. घाण आधी पुसून, धुऊन काढायची, कारण सेंद्रिय मळात क्लोरीन वाया जातं.

फवारलं की लगेच पुसलं, असं आपण सगळेच करतो. त्यात जंतू मरतात त्यापेक्षा फडक्याला लागून जातात, तेवढंच. अल्कोहोलचीही गंमत आहे. 95 टक्क्यांपेक्षा 70 टक्क्यांचं जास्त कामाचं, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला पाणी लागतं आणि पाणी मिसळलेलं अल्कोहोल उडूनही जरा उशिरा जातं.

एक पायरी उगाच वर चढलं तर बिघडतं काय? क्लोरीनच्या वाफांनी दमेकऱ्यांना धाप लागते, धातू गंजतात. आणि जास्त जालीम व्हावं म्हणून ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतलं, तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेलं क्लीनर मिसळलं तर क्लोरामाइन. दोन्ही विषारी, आणि न्हाणीघर बहुधा लहान नि बंद असतं.